‘आता तो मोठा झालाय’ : नववीतला एक विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक

बौद्धिक अक्षमता असलेलं मूल लहान असतं तोवर शाळेत त्याला माया मिळते. ते वयात आलं की तीच शाळा बिचकायला लागते. मूल बदलतंच, पण त्याच्याकडे बघणारी नजर त्याहून जास्त बदलते. प्राथमिक शाळेतल्या समावेशित शिक्षणावर, म्हणजे अक्षमता असलेल्या मुलांनी इतरांसोबत एकाच वर्गात शिकण्यावर, आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, आठवी-नववीच्या वर्गांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

ही शाळा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. मुलाचं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गट साधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातल्या) विशेष शिक्षिकेच्या नोंदी, बैठकीचं इतिवृत्त आणि शिक्षक-पालकांशी झालेलं बोलणं यांच्या आधारे हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

सोहम १४ वर्षांचा होता, नववीत. वडील ट्रॅक्टर चालवतात, आई घरी शिवणकाम करते, थोरली बहीण कॉलेजात जाते. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ‘सौम्य बौद्धिक अक्षमता, ५० टक्के’ असं लिहिलेलं. तो एसटीच्या पाट्या वाचायचा. दुकानात एक वस्तू घेतली तर शंभराच्या नोटेतून सुटे बरोबर मोजून घ्यायचा, दोन वस्तू झाल्या की अडकायचा. फळ्यावरचं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा, पण उतरवलेलं वाचून दाखव म्हटलं की थांबायचा. वर्गाचा हजेरीपट त्याला क्रमाने पाठ होता. आज कोण आलं नाही हे वर्गशिक्षिकेच्या आधी तो सांगायचा. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि तिचा काही उपयोग करता येईल असं वर्षभर कुणाच्या मनात आलं नाही.

प्रमाणपत्रावरच्या आकड्याबद्दल इथेच लिहायला हवं, कारण पुढच्या कितीतरी गैरसमजांचं मूळ त्यात होतं. ‘५० टक्के’ म्हणजे या मुलाला इतरांच्या निम्मंच कळतं, असं शाळेतल्या निम्म्याहून जास्त शिक्षकांनी गृहीत धरलं होतं. तसं ते नसतं. सौम्य पातळीच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ५० टक्के आणि मध्यम पातळीच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के हे आकडे ठरलेल्या तक्त्यातून येतात. सवलती आणि योजना कुणाला लागू होतील हे ठरवायला ते उपयोगी पडतात. मूल काय शिकू शकेल, किती शिकू शकेल, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

सातवीपर्यंत सोहम वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. पट लहान, गुरुजी ओळखीचे. घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे. खुश झाला की तो जो समोर दिसेल त्याला मिठी मारायचा, आणि गुरुजी, बाई, मोठ्या मुली, सगळे त्याला जवळ घ्यायचे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी त्याला कडेवर घेतलेला फोटो अजून त्या शाळेच्या कार्यालयात लावलेला आहे.

आठवीला तो मोठ्या शाळेत आला. वर्गात साठाहून जास्त मुलं. त्याला शेवटचा बाक मिळाला. वर्षभर एकही तक्रार आली नाही, कारण तो शांत बसायचा आणि त्याच्या वह्या पूर्ण असायच्या. वह्या तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसायचं.

अडचण कशी समोर आली

नववीच्या पहिल्या सत्रात मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी सोहमची बाटली खाली पडली. वर्गातल्या एका मुलीने ती उचलून दिली. त्याने आनंदाने तिला मिठी मारली. ती घाबरून ओरडली, मुलांनी त्याला ओढून बाजूला केलं, एकाने मारलंही. काय झालं हे न कळून तो रडायला लागला. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, “तो त्या वर्गात असेल तर माझी मुलगी शाळेत येणार नाही.”

मुलीची भीती खरी होती आणि वडिलांचा संतापही रास्त होता. सोहमच्या बाजूने बोलणाऱ्या काहींनी “त्याला काय कळतंय, सोडून द्या” असं म्हणून ते उडवून लावायचा प्रयत्न केला. त्यामुळे त्या मुलीवर अन्याय होत होताच, शिवाय सोहमचंही त्यात भलं नव्हतं.

याच सुमारास पहिल्या घटक चाचणीचे गुण लागले. बहुतेक विषयांत सोहम एक आकडी गुणांवर होता. लगेच दहावीच्या निकालाचा हिशेब सुरू झाला. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक होता आणि शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेमुळे पटसंख्येची धास्ती होती. आठवडाभरात टाकीपाशी घडलेली एक घटना, चाचणीचे गुण आणि दोन वर्षांनंतरच्या निकालाची काळजी हे सगळं एकमेकांत मिसळलं आणि त्याचं एकच वाक्य झालं : “हा मुलगा आपल्या शाळेत बसत नाही.”

शिक्षकांच्या मनात काय होतं

गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेला बोलावणं गेलं. तालुक्यातल्या अनेक शाळा तिच्याकडे होत्या आणि या शाळेत ती महिन्यातून एखाद-दोनदाच पोहोचायची. तिने एक शहाणपणाचं काम केलं. बैठकीआधी ती एकेका शिक्षकाशी वेगळं बोलली आणि प्रत्येकाला एवढंच विचारलं, “सोहम वर्गात असताना तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?”

एकत्र बसल्यावर सगळे एकच बोलत होते : अभ्यासक्रम झेपत नाही. एकेकट्याच्या तोंडून वेगवेगळं निघालं.

गणिताच्या सरांची वीस वर्षांची नोकरी. ते स्पष्ट म्हणाले, “मला शिकवता येत नाही त्याला. माझ्या बी.एड.ला हे काही नव्हतंच.” त्यांचं म्हणणं खरं होतं. बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि समावेशक शाळेवरचा भाग सर्वांना अभ्यासावा लागला तो २०१४ च्या नव्या नियमांनंतर. आज माध्यमिक शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांचं प्रशिक्षण त्याआधीच झालेलं आहे.

विज्ञानाच्या मॅडमचा मुद्दा वेळेचा होता. साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, प्रयोगवहीवर सह्या, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. “एकासाठी वेगळं करायचं तर बाकीच्यांचं कधी करू?”

शारीरिक शिक्षणाच्या सरांनी दार लावून घेतलं आणि मग बोलले. त्यांना मुलींच्या सुरक्षिततेची भीती होती, त्याहून जास्त जबाबदारीची. “उद्या काही झालं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागेल. मैदानावर मी एकटा असतो. विचारणार मलाच.”

वर्गशिक्षिकेला सोहमबद्दल फार वाटायचं. ती त्याच्या चाचणीत उत्तरं सांगायची, गृहपाठ माफ करायची, प्रश्न विचारायचं टाळायची. “बिचाऱ्याला कशाला चारचौघांत लाजवायचं?” सर्वांत प्रेमळ शिक्षिका तीच होती. माझ्या मते सोहमचं सर्वांत जास्त नुकसानही या दयेनेच केलं. रागावणारा शिक्षक निदान मुलाकडून काहीतरी मागतो. वर्गशिक्षिकेने दीड वर्षात त्याच्याकडून काहीच मागितलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला काय येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

हे चित्र एकट्या या शाळेचं नाही. टॉमस स्क्रग्ज आणि मार्गो मास्ट्रोपिएरी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ मध्ये शिक्षकांच्या मतांच्या आधीच्या २८ पाहण्या एकत्र करून बघितल्या. सुमारे दोन तृतीयांश शिक्षकांना सर्व मुलांनी एकत्र शिकण्याची कल्पना मान्य होती, पण त्यासाठी पुरेसा वेळ, प्रशिक्षण आणि साधनं आपल्याकडे आहेत असं म्हणणारे जेमतेम एक तृतीयांश किंवा त्याहून कमी होते. अँके डी बूर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसते. शारीरिक किंवा संवेदनांच्या (पाहण्या-ऐकण्याच्या) अक्षमतेपेक्षा बौद्धिक अक्षमता आणि वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांबद्दल शिक्षकांची वृत्ती कमी अनुकूल असते. आपल्या शाळांतही हेच दिसतं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला की आपण काही केलं असं शाळेला वाटतं. हळू शिकणाऱ्या मुलासाठी मात्र शिक्षकाला स्वतःची शिकवण्याची रीतच बदलावी लागते.

विशेष शिक्षिकेने तिच्या वहीत लिहिलं होतं : अक्षमतेचा तिरस्कार कुणालाच नाही. एकाला कौशल्य नाही, एकीला वेळ नाही, एकाला भीती आहे, एकीला दया आहे. चौघांसाठी चार वेगळी उत्तरं लागतील.

बैठकीत तोललेले पर्याय

बैठकीला मुख्याध्यापक, चार शिक्षक, विशेष शिक्षिका आणि सोहमचे आई-वडील होते. मुख्याध्यापकांनी पहिला पर्याय ठेवला तो १७ नंबरच्या अर्जाचा : शाळेतून नाव काढायचं आणि पुढे दहावीला बाहेरून बसवायचं. कच्च्या मुलांसाठी ही वाट अनेक शाळा सुचवतात, कारण निकालात ते मूल मोजलं जात नाही. वडील जवळजवळ तयार झाले होते. विशेष शिक्षिकेने विचारलं, “बाहेरून बसवलं तर रोज शिकवणार कोण?” यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणच्या विशेष शाळेचा. चांगली शाळा आहे आणि काही मुलांसाठी तीच योग्य असते. पण अंतर चाळीस किलोमीटरांच्या वर, वसतिगृहात जागा नाही आणि रोजचा प्रवास शक्य नाही. शिवाय अशा शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. आधी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यावर त्याच्याकडे गेल्या. म्हणजे मूल एकदा तिकडे गेलं की या शाळेशी त्याचा संबंध संपतो. परत यायचा रस्ता कागदावर आहे, प्रत्यक्षात फार कमी मुलं परततात.

तिसरा पर्याय कुणीतरी घाईत सुचवला : गृहाधारित शिक्षण. ही सोय तीव्र अक्षमतेमुळे शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांसाठी आहे. सोहम रोज सायकलवरून शाळेत येत होता.

याच चर्चेत मुख्याध्यापक म्हणाले की मोफत आणि सक्तीचं शिक्षण १४ वर्षांपर्यंतच आहे, त्यापुढे शाळेवर बंधन नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या बाबतीत हे बरोबर होतं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३१ सांगतं की किमान ४० टक्के अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि पालकांची, शाळेची नाही. कलम १६ भेदभावाविना प्रवेश आणि गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची जबाबदारी शाळेवर टाकतं. विशेष शिक्षिकेने कायद्याची प्रत बरोबर आणली होती. तिने ती मुख्याध्यापकांना बैठकीआधी त्यांच्या दालनात दाखवली असती तर बरं झालं असतं. सर्वांसमोर दाखवल्यामुळे ते दुखावले आणि पुढची दहा मिनिटं वाद कायद्याचा झाला, मुलाचा राहिला नाही.

तो वाद आईने थांबवला. तोवर ती गप्प होती. ती म्हणाली, “सर, सातवीपर्यंत सगळे त्याला जवळ घेत होते. फोटो काढत होते. आता असं करायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलंय का? आम्ही पण नाही सांगितलं. आम्हाला वाटलं, त्याला नाही कळायचं.”

माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं पहिलं मोठं वळण इथे आहे. तोपर्यंत प्रश्न होता, सोहमला कुठे पाठवायचं. त्यानंतर प्रश्न झाला, सोहमला काय शिकवायचं राहून गेलं. ‘मानसिक वय सात-आठ वर्षांचं’ हा शब्दप्रयोग शिक्षकांच्या तोंडी सर्रास असतो आणि त्याने फार घोटाळा होतो. चौदा वर्षांच्या मुलाचं शरीर चौदा वर्षांचं असतं, त्याला येणारं आकर्षण, लाज, राग हेही चौदा वर्षांचंच असतं. त्याला सात वर्षांचा समजून वागवलं की सात वर्षांच्या मुलाचे नियम त्याच्या अंगवळणी पडतात, आणि मग एके दिवशी जग त्याला चौदा वर्षांचा धरून जाब विचारतं.

शेवटी ठरलं की सोहम शाळेतच राहील. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक लेखी आराखडा अमलात आणायचा आणि सुट्टीनंतर पुन्हा बसायचं.

काय केलं

सुरुवात अंतराच्या नियमांपासून झाली. विशेष शिक्षिका आणि शारीरिक शिक्षणाचे सर यांनी मिळून ते शिकवलं. आनंद झाला तर टाळी द्यायची किंवा अंगठा दाखवायचा. बोलताना एका हाताचं अंतर. मिठी फक्त घरातल्यांना. टाकीपाशी, फाटकापाशी, व्हरांड्यात, जिथे प्रसंग येतो तिथेच नेऊन रोज थोडा वेळ सराव. भाषण एकदाही नाही. सोबत चित्रांच्या आधारे शरीरातले बदल, खासगी अवयव, खासगी जागा, आणि कुणी नको तसा हात लावला तर ‘नाही’ म्हणून लगेच कुणाला सांगायचं, हेही शिकवलं. या शेवटच्या भागाला एका शिक्षकाने हरकत घेतली, “त्याला हे कशाला?” उत्तर सरळ होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुला-मुलींनी अत्याचार करण्यापेक्षा तीच अत्याचाराला बळी पडण्याचा धोका कितीतरी जास्त असतो.

मोठ्यांसाठीही नियम होता, आणि तो पाळायला जास्त जड गेला. कुणीही शिक्षक, शिपाईमामा किंवा मोठा विद्यार्थी सोहमच्या पाठीवरून हात फिरवणार नाही, गाल ओढणार नाही, जवळ घेणार नाही. एकाने जवळ घ्यायचं आणि दुसऱ्याने त्यासाठी रागवायचं, असं चाललं तर मूल काहीच शिकत नाही.

मुलीशी आणि तिच्या वडिलांशी मुख्याध्यापक स्वतः बोलले. तू तक्रार केलीस ते बरोबर केलंस, असं तिला सांगितलं. त्याच्याशी मैत्री करावी अशी अपेक्षा कुणी ठेवली नाही. तिची बसण्याची जागा तिच्या इच्छेने बदलली. वडिलांना आराखड्यातला अंतराचा भाग दाखवला. ते पूर्ण समाधानी झाले नाहीत, पण मुलगी शाळेत येत राहिली.

जबाबदारीची भीती एका कागदाने बरीच कमी झाली. मुख्याध्यापकांनी लेखी सूचना काढली की आराखडा शाळेचा आहे, कुण्या एका शिक्षकाचा नाही. काही घडल्यास कुणाला सांगायचं, नोंद कुठे करायची, मधल्या सुट्टीत टाकीपाशी कोण असेल, हे त्यात होतं. शारीरिक शिक्षणाचे सर त्यानंतर बदलले. त्यांना सहानुभूतीचे धडे नको होते, आपण एकटे पडणार नाही एवढी खात्री हवी होती.

अभ्यासाच्या बाबतीत विशेष शिक्षिकेने दुसरा महत्त्वाचा निर्णय घेतला. मुख्याध्यापक सर्व शिक्षकांसाठी एक दिवसाचं उद्बोधन ठेवायला तयार होते. तिने ते नको म्हटलं आणि दोनच शिक्षक मागितले : गणिताचे सर आणि मराठी शिकवणारी वर्गशिक्षिका. त्यांनी प्रत्येक आठवड्याला एकच छोटं उद्दिष्ट घ्यायचं. यामागे विचार होता. टॉमस गस्की या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये मांडलं होतं की शिक्षकाचं मत आधी बदलून मग वर्गातलं काम बदलत नाही. काम बदलतं, मुलात फरक दिसतो आणि त्यानंतर मत बदलतं. व्याख्यानं ऐकून उत्साहाने परतलेले आणि सोमवारी पुन्हा जुन्याच पद्धतीने शिकवणारे शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

गणितात वर्ग सांख्यिकीच्या प्रकरणाकडे आला तेव्हा हजेरीपट कामाला आला. रोज किती मुलं आली, किती मुली आल्या, याच्या ताळ्याच्या खुणा सोहम करू लागला आणि शनिवारी त्याचा स्तंभालेख काढू लागला. प्रमाण ठरवायला सरांनी मदत केली, स्तंभ त्याने काढले. ‘आर्थिक नियोजन’ या प्रकरणात वर्ग प्राप्तिकराची उदाहरणं सोडवत असताना तो घरच्या आठवड्याच्या खर्चाची वही लिहायचा : दूध, किराणा, आईची शिलाई. दोन वस्तूंची बेरीज करून सुटे घेणं ही त्याची जुनी अडचण यातूनच हळूहळू सुटली. बहुपदीच्या प्रकरणात मात्र असं काही जमलं नाही. सरांनी तिथे ओढूनताणून काही करायचा हट्ट धरला नाही, आणि ते योग्यच केलं.

शिकवण्याच्या पद्धतीतले बदल साधे होते. एका वेळी एकच सूचना. प्रश्न विचारल्यावर लगेच दुसऱ्याकडे न वळता मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. नव्या धड्यातले पाच-सहा शब्द आदल्या दिवशी चित्रांसह द्यायचे. उतरवून घेण्याऐवजी रिकाम्या जागा भरायचा कागद. सरांना दहापर्यंत मोजणं सर्वांत कठीण गेलं. त्यांनीच नंतर सांगितलं की आजवर सोहमला उत्तर येत नव्हतं असं त्यांना वाटायचं, खरं तर उत्तर यायच्या आतच ते पुढे गेलेले असायचे. हे कळल्यावर वर्गातल्या इतर आठ-दहा मुलांनाही ते थोडं थांबून विचारू लागले.

शिक्षकांच्या खोलीत एक दोनशेपानी वही ठेवली. ज्या शिक्षकाचा तास असेल त्याने एकच ओळ लिहायची : आज सोहमने कुणाच्या मदतीशिवाय काय केलं. सुरुवातीला पानं कोरी राहिली किंवा ‘शांत बसला’ असं लिहिलं गेलं. ‘शांत बसला’ हे काम नाही, असं विशेष शिक्षिकेने ठरवून दिलं. मग लिहिण्यासाठी तरी काही करून घ्यावं लागलं. दुसऱ्या महिन्यापासून ओळी बदललेल्या दिसतात : ‘कवितेतले यमकाचे चार शब्द शोधले’, ‘तापमापीवरचा आकडा बरोबर वाचला’, ‘गैरहजर मुलाची वही स्वतःहून बाजूला ठेवली’. आधी त्याच्याबद्दल शाळेत लेखी असं जे काही होतं ते फक्त तक्रार आणि गुण.

निष्पत्ती

मिठीचा प्रकार पुन्हा झाला नाही. एकदा कबड्डी जिंकल्यावर तो धावत एका शिक्षिकेकडे गेला, मध्येच थांबला आणि हात वर करून टाळीसाठी उभा राहिला. वहीत त्या दिवशी तीन जणांनी हीच ओळ लिहिली आहे.

शिक्षकांमधला बदल सारखा नव्हता. गणिताचे सर सर्वांत जास्त बदलले, आणि सुरुवातीला ‘मला येत नाही’ हे मोकळेपणी सांगणारेही तेच होते. विज्ञानाच्या मॅडमचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं की अशा मुलांची वेगळी सोय हवी. तरीही आराखड्यातला त्यांच्या वाट्याचा भाग त्यांनी चोख केला. मला त्याचं मोल फार वाटतं. मुलाला शिकायला मिळावं म्हणून प्रत्येक शिक्षकाचं हृदयपरिवर्तन व्हायची वाट बघत बसण्याचं कारण नाही. सर्वांत कमी बदल वर्गशिक्षिकेत झाला. वार्षिक परीक्षेतही ती त्याला शब्द सुचवताना आढळली. कौशल्य आणि व्यवस्था दिली की भीती ओसरते. दया फार चिवट असते, कारण ती करणाऱ्याला आपण चांगलंच वागतोय असं वाटत असतं.

सोहम दहावीत गेला. लेखनिक आणि जादा वेळेसाठीचा प्रस्ताव प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत गेला. मुक्त विद्यालय मंडळाचा पर्यायही घरच्यांसमोर नीट मांडला होता. सोहमने वर्गाबरोबरच बसायचं ठरवलं. निकालात चार विषय सुटले, इंग्रजी आणि गणित राहिलं. गणिताच्या सरांना ते लागलं. शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला नाही. राहिलेल्यांत सोहमसोबत आणखी तीन मुलं होती आणि त्यांच्यापैकी कुणाकडेच कसलं प्रमाणपत्र नव्हतं.

सध्या तो सकाळी एका किराणा दुकानात माल मोजून द्यायचं काम करतो आणि दुपारी राहिलेल्या दोन विषयांची तयारी. दुकानाचा हिशेब मालक बघतो, वजनाचा आकडा सोहम वाचतो.

काय वेगळं करता आलं असतं

सातवीतून आठवीत जाताना दोन शाळांमध्ये एक तासाचं बोलणं झालं असतं तर बरंच काही टळलं असतं. गुरुजींना सोहमबद्दल जे माहीत होतं त्यातलं काहीच दाखल्याबरोबर पुढे गेलं नाही. तालुक्यात आता एप्रिल महिन्यात अशी बैठक घ्यायचं ठरलं आहे, आणि तिला दोन्हीकडचे वर्गशिक्षक असावेत, केवळ मुख्याध्यापक नकोत, असा विशेष शिक्षिकेचा आग्रह आहे.

अंतराचे नियम पाचवी-सहावीतच शिकवायला हवे होते. त्याला कडेवर घेणारे सगळे प्रेमानेच घेत होते. पण दहा वर्षांच्या मुलाला जे शिकवायला काही दिवस लागतात, ते चौदाव्या वर्षी शिकवताना एक मुलगी घाबरून गेलेली असते आणि एका मुलाने मार खाल्लेला असतो.

वर्गशिक्षिकेसाठी वेगळा विचार व्हायला हवा होता. तिला ‘जास्त मदत करू नका’ एवढंच सांगितलं गेलं. मदत कमी करत जायची पद्धत तिला कुणी वर्गात करून दाखवली नाही : आधी पूर्ण शब्द, मग पहिलं अक्षर, मग नुसती खूण, मग काहीच नाही. गणिताच्या सरांसोबत विशेष शिक्षिका वर्गात बसली होती, मराठीच्या तासाला ती कधी बसू शकली नाही. तेवढ्या भेटी तिच्या वेळापत्रकात मावत नव्हत्या. एका विशेष शिक्षिकेवर इतक्या शाळा टाकल्या की कुणाला मदत मिळेल हे नशिबावर सोडल्यासारखं होतं. हा प्रश्न शाळेच्या हातातला नाही, तो वरच्या पातळीवर सोडवावा लागेल.

बैठकीत सोहम नव्हता. त्याच्याबद्दल दीड तास चर्चा झाली तेव्हा तो बाहेर व्हरांड्यात बसून होता. दहावीचा पर्याय निवडताना त्याला प्रथमच विचारलं गेलं आणि त्याने स्पष्ट उत्तर दिलं. नववीतही विचारलं असतं तर निदान शेवटच्या बाकाबद्दल तरी काही कळलं असतं. नंतर जागा बदलल्यावर त्याने आईला सांगितलं की तिथून फळ्यावरची खालची ओळ दिसायची नाही. त्याचे डोळे तपासून घ्यायचं तोपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तपासले तेव्हा चष्मा लागला.